बदलत्या रुंदीचे पान : वेबवरील मांडणी आणि मराठी मजकूर

छापील पुस्तकाचे पान ही एक निश्चित वस्तू आहे. त्याची रुंदी, समासांची जागा, ओळीची लांबी आणि पानावरील ओळींची संख्या ह्या सर्व गोष्टी पुस्तक वाचकाच्या हाती पडण्यापूर्वीच ठरलेल्या असतात, आणि सर्व वाचकांच्या बाबतीत त्या सारख्याच असतात. वेबवरील पानाची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. तेथे मजकूर लेखकाचा असतो. पण ज्या चौकटीत तो दिसावयाचा ती चौकट वाचकाची असते. एकच लेख कोणी ३६० पिक्सेल रुंदीच्या भ्रमणध्वनीवर वाचतो, कोणी १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर वाचतो, तर कोणी त्याच पडद्यावरील ब्राउझरची खिडकी अर्धी करून शेजारी दुसरे काम चालू ठेवतो. ह्या सर्वांना तोच मजकूर सुवाच्य रूपात मिळावा अशी मांडणी करणे, हा वेबपानांच्या रचनेतील मूलभूत प्रश्न होय.

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा आहे असे समजणे चुकीचे ठरेल. विद्यापीठीय संशोधन आता मोठ्या प्रमाणावर पडद्यावर वाचले जाते, आणि अनेक विद्यार्थ्यांच्या हाती असलेले एकमेव साधन म्हणजे भ्रमणध्वनी. अशा वेळी रूपावलींची कोष्टके, पदच्छेदासह दिलेली उदाहरणे, तळटीपा व पृष्ठसंदर्भ यांचे काय होते, हे ज्याने त्याने आपापल्या विषयाच्या दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात प्रथम ह्या मांडणीचा इतिहास व तिची तत्त्वे संक्षेपाने सांगून, नंतर देवनागरी लिपी, मराठी शब्दरचना आणि भाषाशास्त्रीय सामग्री यांमुळे उद्भवणारे विशेष प्रश्न विचारात घेतले आहेत.

१. ठरलेले पान आणि न ठरलेले पान

पानाची रुंदी बदलली की ओळी निराळ्या ठिकाणी तुटतात, हा अनुभव मुद्रणाच्या फार पूर्वीचा आहे. हस्तलिखित पोथ्यांची पाने आडवी व लांबट असत. एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्यांत पानांचा आकार आणि लेखकाचे अक्षर वेगळे असले, की ओळींचा शेवट वेगळ्या ठिकाणी येई. त्यामुळे ग्रंथाचे काही बिघडत नसे. ओवीची सीमा दंडाने आणि क्रमांकाने दाखविलेली असे, पानाच्या कडेने नव्हे. मुद्रणाने ही स्थिती पालटली. एका आवृत्तीच्या सर्व प्रती एकसारख्या झाल्या आणि पृष्ठक्रमांक हा संदर्भाचा भरवशाचा आधार ठरला.

वेबचा आरंभ ह्या दृष्टीने पोथीच्या बाजूचा होता. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न या संस्थेत वेबची कल्पना मांडली, आणि पुढे एचटीएमएल ही जी खुणांची भाषा सिद्ध झाली तिच्यात ‘हे शीर्षक’, ‘हा परिच्छेद’, ‘ही यादी’ एवढेच सांगावयाचे होते. परिच्छेदाची रुंदी सांगितलेली नसे. खिडकी जेवढी रुंद तेवढी ओळ लांब, असा साधा नियम होता. आजही ज्या पानाला कोणतीही सजावट दिलेली नाही, ते पान कोणत्याही रुंदीच्या खिडकीत आपोआप बसते. म्हणजे लवचीकपणा हा वेबपानाचा मूळ धर्म असून, ताठरपणा त्यास मागाहून चिकटला आहे.

तो कसा चिकटला हे समजून घेण्यासारखे आहे. १९९० नंतरच्या दशकात वेबकडे वळलेले बरेचसे कलाकार मुद्रणाच्या संस्कारात वाढलेले होते. त्यांना स्तंभ, समास आणि चित्रे यांची जागा काटेकोरपणे ठरवावयाची होती. परंतु तसे करण्याचे साधन एचटीएमएलमध्ये नव्हते. म्हणून माहितीच्या कोष्टकांसाठी असलेल्या खुणेचा उपयोग मांडणीसाठी होऊ लागला. संपूर्ण पान म्हणजे एक अदृश्य कोष्टक, आणि त्यातील घरांची रुंदी पिक्सेलांत पक्की केलेली. डेव्हिड सीगल यांच्या १९९६ सालच्या पुस्तकाने अशा युक्त्यांचा मोठा प्रसार केला. तेव्हाचे सामान्य पडदे ६४० किंवा ८०० पिक्सेल रुंदीचे असल्यामुळे, त्यांत बसेल अशी एक रुंदी धरून चालणे सोयीचे वाटे. पडदे मोठे झाले तशी ही गृहीत रुंदीही वाढत गेली. गृहीत मात्र तेच राहिले.

याच काळात योग्य साधनही आकार घेत होते. हॉकोन विउम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये मजकूर व त्याचे रूप वेगळे ठेवणारी एक योजना मांडली. बर्ट बॉस यांच्या सहकार्याने तिला सीएसएस हे स्वरूप आले आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली प्रमाण आवृत्ती निघाली. एप्रिल २००० मध्ये जॉन ऑलसॉप यांनी एका लेखात असे प्रतिपादन केले की, छापील पानावर असलेला ताबा वेबवर मिळविण्याचा आग्रह सोडून द्यावा, आणि पानाची परिस्थितीनुसार बदलण्याची शक्ती हाच गुण मानावा. हा विचार त्या वेळी पुष्कळांना पटला, पण आचरणात फारसा उतरला नाही. २००७ साली आयफोन बाजारात आला तेव्हा रुंद पडद्यांसाठी केलेली पाने अरुंद पडद्यावर दाखविण्याचा प्रश्न अचानक सर्वांसमोर उभा राहिला. त्यावर आरंभी भ्रमणध्वनीसाठी निराळे संकेतस्थळ तयार करण्याचा उपाय योजण्यात आला. परंतु त्यामुळे एकाच मजकुराच्या दोन प्रती सांभाळाव्या लागत, आणि दोहोंत फरक पडू लागे. मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ ह्या नावाने जी पद्धत मांडली, ती आज सर्वमान्य झाली आहे. एकच मजकूर, एकच पत्ता आणि खिडकीप्रमाणे बदलणारी मांडणी, असे तिचे स्वरूप आहे.

२. पद्धतीचे तीन घटक

मार्कॉट यांच्या पद्धतीत तीन घटक आहेत : प्रमाणात मोजलेले स्तंभ, लवचीक चित्रे आणि मीडिया क्वेरी.

पहिला घटक शुद्ध अंकगणिताचा आहे. एखाद्या भागाची इष्ट रुंदी भागिले तो ज्या चौकटीत आहे तिची रुंदी, एवढेच त्याचे सूत्र. समजा, पान ९६० पिक्सेल रुंदीचे कल्पिले असून त्यात मजकुराचा स्तंभ ६०० आणि टीपांचा स्तंभ ३०० पिक्सेलांचा आहे. तर पहिल्याची रुंदी ६२.५ टक्के व दुसऱ्याची ३१.२५ टक्के होते, आणि उरलेले ६.२५ टक्के मधल्या मोकळ्या जागेसाठी राहतात. खिडकी १,२०० पिक्सेलांची झाल्यास हेच स्तंभ ७५० व ३७५ पिक्सेलांचे होतील. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. मजकुराच्या स्तंभाच्या आत २४० पिक्सेलांचे चित्र असेल तर त्याचे प्रमाण ४० टक्के धरावयाचे, २५ टक्के नव्हे. कारण चित्राची चौकट म्हणजे तो स्तंभ, संपूर्ण पान नव्हे.

दुसरा घटक त्याहून सोपा आहे. चित्राची रुंदी कोणत्याही परिस्थितीत त्याच्या चौकटीहून अधिक होऊ नये, एवढा नियम घातला की रुंद चित्र अरुंद स्तंभाबाहेर जात नाही. ते प्रमाणशीर लहान होते.

तिसरा घटक अटींचा आहे. केवळ प्रमाणे राखून भागत नाही, कारण वरील ९६० पिक्सेलांचे पान ३६० पिक्सेलांवर आणले तर टीपांच्या स्तंभाला जेमतेम ११२ पिक्सेल मिळतात, आणि त्यात दोन मराठी शब्दसुद्धा धड मावत नाहीत. येथे मांडणीच बदलली पाहिजे. ‘खिडकी अमुक रुंदीहून मोठी असेल तरच टीपा उजवीकडे घ्या, एरवी त्या मजकुराखाली ठेवा’, अशी अट सीएसएसमध्ये लिहिता येते. हिलाच मीडिया क्वेरी म्हणतात. १९९८ च्या दुसऱ्या प्रमाण आवृत्तीत ‘पडदा’ व ‘छपाई’ असा माध्यमभेद करण्याची सोय होती. तिचाच हा विस्तार असून, जून २०१२ मध्ये त्याला प्रमाण म्हणून मान्यता मिळाली.

ह्या तिन्ही घटकांच्या मुळाशी ‘पिक्सेल’ हे एकक आहे, आणि त्याविषयी बराच गैरसमज आढळतो. सीएसएसमधील पिक्सेल म्हणजे पडद्यावरील प्रत्यक्ष ठिपका नव्हे. हाताच्या अंतरावरून पाहिले असता एक इंचाचा ९६ वा भाग जेवढा दिसतो, तेवढा तो धरलेला आहे. म्हणूनच १,०८० ठिपक्यांची रुंदी असलेला भ्रमणध्वनी ब्राउझरला ३६० पिक्सेल रुंदी सांगतो. याशिवाय, भ्रमणध्वनीवरील ब्राउझर जुन्या पानांच्या सोयीसाठी पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद आहे असे गृहीत धरून सबंध पान आक्रसून दाखवितात. पानाच्या शिरोभागी ‘उपकरणाची खरी रुंदी धरावी’ अशी एका ओळीची सूचना दिली, तरच सर्व अटी लागू पडतात. ही एक ओळ राहून गेल्यामुळे उत्तम मांडणीचे पानही भ्रमणध्वनीवर मुंगीएवढ्या अक्षरात दिसते.

पुढील काळात साधने अधिक सोयीची झाली. फ्लेक्सबॉक्समुळे ओळीत मांडलेले भाग जागेनुसार ताणले वा पुढच्या ओळीत नेले जाऊ लागले. मार्च २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत ग्रिड उपलब्ध झाल्याने आडवे व उभे असे दोन्ही दिशांचे नियोजन एकत्र करता येऊ लागले. आणि २०२२-२३ मध्ये कंटेनर क्वेरी आल्यानंतर एखादा भाग सबंध खिडकीची नव्हे, तर स्वतःच्या चौकटीची रुंदी पाहून बदलू शकतो. साधने बदलली तरी वर सांगितलेली तत्त्वे तीच आहेत.

३. ओळीची लांबी आणि मराठी शब्द

मांडणी कोणत्या रुंदीला बदलावी? आरंभीच्या काळात लोकप्रिय उपकरणांच्या रुंदीवरून हे बिंदू ठरवीत. परंतु उपकरणे दरवर्षी बदलतात. मजकूर वाचण्यास त्रासदायक होऊ लागतो त्या रुंदीलाच मांडणी बदलणे अधिक युक्त होय. म्हणजे बदलाचे बिंदू मजकुरावरून ठरतात आणि त्यांचे मोजमाप ओळीच्या लांबीने करावे लागते.

रोमन लिपीसाठी एका ओळीत ४५ ते ७५ वर्ण असावेत असा मुद्रणशास्त्रातील जुना संकेत आहे. हा संकेत मराठीस जसाच्या तसा लावता येत नाही. कारण ‘वर्ण’ कशाला म्हणावयाचे हाच प्रथम प्रश्न उभा राहतो. ‘स्त्रीत्व’ हा शब्द युनिकोडमध्ये नऊ चिन्हांनी लिहिला जातो. वाचकाच्या डोळ्यांना मात्र त्यात दोनच अक्षरे दिसतात. संगणकाने मोजलेली ६६ चिन्हे म्हणजे देवनागरीतील बरीच कमी अक्षरे, आणि ती किती कमी हे जोडाक्षरांच्या संख्येवर अवलंबून राहते. सीएसएसमध्ये ओळीची लांबी वर्णसंख्येने सांगण्यासाठी जे एकक आहे, तेही वस्तुतः टंकातील रोमन शून्याच्या रुंदीएवढे असते. देवनागरी अक्षराशी त्याचा काही संबंध नाही. म्हणून मराठीसाठी टंकाच्या आकारावर आधारलेले ‘एम’ हे एकक घेऊन, प्रत्यक्ष मजकूर वाचून कमाल लांबी ठरविणे श्रेयस्कर. तशी मर्यादा घातलीच नाही तर १९२० पिक्सेलांच्या खिडकीत १६ पिक्सेलांच्या टंकाची ओळ १२० एम लांब होते, आणि ओळ संपवून पुढील ओळीचा आरंभ शोधताना डोळा चुकतो.

अरुंद पडद्यावर याच्या उलट अडचण येते. ३६० पिक्सेलांतून दोन्ही बाजूंचे १६-१६ पिक्सेल समास वजा केले तर ओळीला ३२८ पिक्सेल, म्हणजे साडेवीस एम मिळतात. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात. सामासिक शब्दांची त्यांत भर पडते. ‘संशोधनपद्धतीविषयीच्या’ ह्यासारखा एक शब्द अशा ओळीचा तिसरा हिस्सा सहज व्यापतो. तो ओळीच्या शेवटी मावला नाही की सबंध खाली जातो आणि वरच्या ओळीत मोठी पोकळी राहते. दोन्ही कडा सरळ राखण्याचा आग्रह धरल्यास हीच पोकळी उरलेल्या तीनचार शब्दांत वाटली जाते, आणि ओळ विरलेल्या कापडासारखी दिसू लागते. म्हणून अरुंद मांडणीत मराठी मजकुराची उजवी कड मोकळी सोडावी, हा नियम निःशंकपणे सांगता येतो.

दुसरा उपाय शब्द तोडण्याचा. येथे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला परिचित असा एक भेद आडवा येतो. उच्चारातील अवयव आणि लेखनातील अक्षर ही दोन नेहमी जुळत नाहीत. ‘पुस्तक’ हा शब्द उच्चारात ‘पुस्-तक’ असा विभागतो. लेखनात त्याची अक्षरे ‘पु-स्त-क’ अशी आहेत. ‘विद्यार्थी’ शब्दातील रफार उच्चाराने मागील अवयवाचा, पण लेखनाने ‘थी’च्या डोक्यावर बसलेला. ओळ तोडावयाची ती लिखित अक्षराच्या सीमेवर. तेव्हा ‘विद्या-’ वरच्या ओळीत राहून ‘र्थी’ खाली येणार, मग उच्चार काहीही असो. मराठी मुद्रणातील रूढीही हीच आहे. उच्चारानुसारी विभागणीवर आधारलेले इंग्रजीचे नियम येथे उपयोगी पडत नाहीत.

संगणकाला ही अक्षरसीमा ओळखता येते काय? युनिकोडच्या सर्वसाधारण नियमांनुसार हलन्त चिन्हानंतर नवे व्यंजन आले की तेथे सीमा मानली जात असे. म्हणजे ‘क्षत्रिय’ शब्दातील ‘क्ष’ हे दोन घटक समजले जाऊन, जागा नसेल तेव्हा पाय मोडलेला ‘क्’ एका ओळीत आणि ‘ष’ दुसऱ्या ओळीत जाण्याचा संभव राही. सप्टेंबर २०२३ मधील १५.१ ह्या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिपींतील जोडाक्षरे एकसंध मानण्याचा नियम समाविष्ट झाला. तो सर्व जुन्या साधनांत उतरलेला असेलच असे नाही. म्हणून शब्द कोठेही तोडण्याची मुभा देणारा सीएसएसचा आदेश मराठी मजकुरास सरसकट लावू नये. अतिदीर्घ शब्दांत योग्य अक्षरसीमांवर अदृश्य संयोगचिन्ह घालून ठेवावे. जरूर पडली तरच ते प्रकट होते. पानाची भाषा मराठी असल्याची नोंद खुणेत करणे हेही आवश्यक आहे. शब्दविभागणीचे कोश त्या नोंदीवरूनच निवडले जातात, आणि ज्या टंकांत तशी सोय आहे त्यांत ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणेही तिच्यामुळेच मिळतात.

ओळींमधील अंतराविषयी थोडेसे. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार व अनुस्वार, तर खाली उकार आणि उभी जोडाक्षरे येतात. ओळीची उंची पिक्सेलांत पक्की केली आणि वाचकाने टंक मोठा केला, तर एका ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात. उंची नेहमी टंकाच्या पटीत सांगावी, आणि रोमनपेक्षा ती पट अधिक ठेवावी. त्याचप्रमाणे टंकाचा आकार केवळ खिडकीच्या रुंदीच्या प्रमाणात ठरवू नये. तसे केल्यास वाचकाने वर्धन केले तरी अक्षर मोठे होत नाही. बदलाचे बिंदूही पिक्सेलांऐवजी एममध्ये द्यावेत. ४८ एमचा बिंदू १६ पिक्सेलांच्या टंकाला ७६८ पिक्सेलांवर येतो. अधू दृष्टीच्या वाचकाने ब्राउझरचा मूळ टंक २४ पिक्सेलांचा केला तर तोच १,१५२ पिक्सेलांवर जातो, आणि मोठ्या अक्षरांना एकस्तंभी मांडणी आपोआप मिळते.

४. पदच्छेद आणि कोष्टके

आतापर्यंतचे विवेचन सर्व मराठी मजकुरास लागू आहे. भाषाशास्त्रीय लेखनाची अडचण याहून निराळी आहे, कारण त्यात अर्थ पुष्कळदा शब्दांच्या स्थानावर अवलंबून असतो. ‘मुलाने आंबा खाल्ला’ हे वाक्य पदच्छेदासह द्यावयाचे तर पहिल्या ओळीत ‘मुला-ने’, ‘आंबा’, ‘खा-ल्ला’ ही पदे येतात, आणि दुसऱ्या ओळीत प्रत्येकाच्या बरोबर खाली ‘मुलगा.सामान्यरूप-तृतीया’, ‘आंबा.पुल्लिंग.एकवचन’, ‘खा-भूत.पुल्लिंग.एकवचन’ अशी विश्लेषणे. छापील पानावर हे मोकळ्या जागा सोडून साधते. वेबवर अनेक मोकळ्या जागा मिळून एकच धरली जाते. आणि त्या राखल्या तरी अरुंद पडद्यावर वरची ओळ एका ठिकाणी तुटते, खालची, लांब असल्यामुळे, दुसऱ्याच ठिकाणी. मग ‘आंबा’ ह्या पदाखाली ‘तृतीया’ येऊन बसते. वाचकाला हे चुकीचे विश्लेषण आहे की मोडलेली मांडणी, हे समजण्यास मार्ग नसतो. मराठीच्या तज्ज्ञाला संशय तरी येईल. जी बोली वाचकास अपरिचित आहे तिच्या बाबतीत तोही येणार नाही.

यावरील उपाय असा की, ओळींऐवजी जोड्यांना एकक मानावे. प्रत्येक पद व त्याचे विश्लेषण मिळून एक लहान उभी पेटी करावी, आणि अशा पेट्या आडव्या ओळीत एकामागून एक ठेवून, जागा संपताच पुढील पेटी खालच्या ओळीत जावी अशी योजना फ्लेक्सबॉक्सने करावी. ओळ कोठेही तुटली तरी जोडी तुटत नाही. संपूर्ण वाक्याचा अनुवाद सर्व पेट्यांनंतर स्वतंत्र ओळीत द्यावा. ह्या योजनेत एक उणीव आहे. पडदा-वाचक प्रणालीने लेख ऐकणाऱ्यास सबंध वाक्य सलग ऐकू येत नाही. पद, विश्लेषण, पुन्हा पद, असा क्रम ऐकू येतो. म्हणून पेट्यांच्या आधी मूळ वाक्य एकदा अखंड लिहावे. छापील लेखात जी पुनरुक्ती वाटली असती, ती येथे उपयुक्त ठरते.

कोष्टकांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. अरुंद पडद्यासाठी कोष्टक मोडून प्रत्येक आडव्या ओळीचे एकेक स्वतंत्र टिपण करण्याची पद्धत रूढ आहे. ग्रंथसूचीसारख्या कोष्टकाला ती शोभते. कारण तेथे प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे वाचली जाते. विभक्तिरूपांचे कोष्टक मात्र तसे नसते. त्यातील ‘घराला’ आणि ‘घरांना’ ही रूपे शेजारी पाहूनच सानुनासिक सामान्यरूपाचा नियम दिसतो. तसेच बोलींच्या सर्वेक्षणात एका शब्दाची दहा गावांतील रूपे आडव्या ओळीत आणि एका गावाचे सर्व शब्द उभ्या स्तंभात असतात. दोन्ही दिशांनी वाचता येणे हेच त्या कोष्टकाचे प्रयोजन. १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात बोलींची रूपे स्तंभांतून शेजारी-शेजारी मांडलेली आहेत, ती ह्याच हेतूने. असे कोष्टक मोडले तर माहिती सगळी शिल्लक राहते, पण तिच्यातील संबंध नाहीसा होतो. त्याला आडवी सरकणारी स्वतंत्र चौकट द्यावी, पहिला स्तंभ जागेवर स्थिर ठेवावा, आणि बाकीचे पान सरकू देऊ नये. कोणते कोष्टक मोडावे आणि कोणते राखावे, हे त्यातील संबंधावरून ठरते, आणि तो संबंध सामग्री गोळा करणाऱ्यालाच ठाऊक असतो.

५. क्रम आणि संदर्भ

दोन स्तंभ एकाखाली एक आले की त्यांतील कोणता आधी, हा प्रश्न येतो. मजकूर ज्या क्रमाने खुणांच्या भाषेत लिहिला असेल त्याच क्रमाने तो अरुंद पडद्यावर येतो. ग्रिडच्या साहाय्याने दिसण्याचा क्रम बदलता येतो हे खरे. परंतु कळफलकाने फिरणारा किंवा पान ऐकणारा वाचक मूळ क्रमानेच जातो, आणि डोळ्यांचा क्रम एक व कानांचा दुसरा अशी विसंगती निर्माण होते. तेव्हा लेखकाने आपला लेख एका रेषेत कसा वाचला जावा हे आधी ठरविले पाहिजे. तळटीपांना तर ‘तळ’च उरत नाही, कारण पानाला शेवट नाही. त्या परिच्छेदालगत ठेवावयाच्या, की लेखाच्या अखेरीस ठेवून जाण्यायेण्याचे दुवे द्यावयाचे, हाही निर्णय त्यांतील आशयावरून घ्यावा लागतो.

संदर्भाची अडचण याच्याशीच निगडित आहे. ज्या लेखाची लांबी एका वाचकाकडे बारा पडदे आणि दुसऱ्याकडे चाळीस पडदे आहे, त्यात ‘पृष्ठ ४२’ ह्या शब्दांना अर्थ राहत नाही. यावर नवी युक्ती शोधण्याचे कारण नाही. पाणिनीच्या सूत्राचा निर्देश अध्याय, पाद व सूत्र यांच्या क्रमांकांनी होतो, आणि ज्ञानेश्वरीचा अध्याय व ओवी यांच्या क्रमांकांनी. प्रत कोणतीही असो. पानाच्या आकारावर अवलंबून नसलेली अशी संदर्भपद्धती ह्या परंपरेत शतकानुशतके चालत आली आहे. अर्थात क्रमांकन एकदा करून ते न बदलणे ही तिची अट आहे. अभंगांच्या गाथांत क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, त्यामुळे होणारा घोटाळा अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. वेबवर प्रसिद्ध होणाऱ्या संशोधनलेखात प्रत्येक परिच्छेदास व उदाहरणास स्थिर क्रमांक द्यावा, आणि त्याच क्रमांकाचा दुवा करावा, म्हणजे कोणत्याही पडद्यावर संदर्भ अचूक सापडेल.

६. न बदलणाऱ्या पानाची किंमत

मराठीतील पुष्कळशी विद्वत्सामग्री आज वेबवर आहे ती पीडीएफच्या किंवा छायाचित्रांच्या रूपात. छापील ग्रंथाचे जतन करण्यास हे रूप योग्यच होय. मूळ पानाचा पुरावा त्यात टिकतो. पण वाचनाचे साधन म्हणून त्याची मर्यादा अंकगणितानेच दाखविता येते. ए४ आकाराचा कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. तो ७० मिलिमीटर रुंदीच्या पडद्यावर बसविला की सर्व काही एकतृतीयांश होते. १२ पॉइंटांचे अक्षर ४ पॉइंटांचे दिसते. ते वाचण्याजोगे मोठे केले तर प्रत्येक ओळीसाठी पान डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे सरकवावे लागते. तीस पानांचा लेख अशा रीतीने वाचणारा विद्यार्थी बहुधा तो पुरा करीत नाही.

अधू दृष्टीच्या वाचकाची अडचण याच स्वरूपाची, पण कायमची असते. १,२८० पिक्सेलांच्या पडद्यावर चौपट वर्धन करणाऱ्यास प्रत्यक्षात ३२० पिक्सेलांची खिडकी मिळते. म्हणूनच जून २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत, ३२० पिक्सेल रुंदीत आडवे न सरकवता मजकूर वाचता आला पाहिजे अशी अट घातली आहे. ज्यांचा अर्थच द्विमितीय मांडणीवर अवलंबून आहे अशी कोष्टके व नकाशे तेवढे तिला अपवाद आहेत. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने इलेक्ट्रॉनिक माध्यमातील आशय सुलभ रूपात उपलब्ध असण्याची जबाबदारी स्पष्ट केली आहे. लहान पडद्यासाठी केलेली मांडणी आणि अधू दृष्टीसाठी केलेली मांडणी ह्या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे यावरून लक्षात येईल.

विभागातील प्रबंध वा लेख वेबवर ठेवण्यापूर्वी काही साध्या कसोट्या लावता येतात. ब्राउझरची खिडकी हळूहळू अरुंद करीत न्यावी आणि मजकूर कोठे मोडतो हे पाहावे. नंतर वर्धन चारशे टक्के करून एक संपूर्ण परिच्छेद वाचावा. उदाहरणांतील प्रत्येक पद आपल्या विश्लेषणाच्या वर आहे किंवा नाही हे सर्वांत अरुंद रुंदीला तपासावे. कोष्टकातील दोन दूरची घरे ताडून पाहता येतात काय ते बघावे. शेवटी सजावट पूर्णपणे काढून टाकून लेख वरपासून खालपर्यंत वाचावा; त्या स्थितीत क्रम सुसंगत वाटला, तर पुढील मांडणी कोणत्याही पडद्यावर उभी राहू शकते. ह्या तपासणीस विशेष साधनसामग्री लागत नाही, आणि ती तंत्रज्ञावर सोपविताही येत नाही. कारण पदाखाली चुकीचे विश्लेषण आले आहे हे ओळखण्यास व्याकरण यावे लागते.